किरणोपचारानंतरचे जगणे

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, काही श्रोत्यांच्या आग्रहावरून लिहून काढलेला.)



सुरुवातीलाच एक परवानगी मागतो. बोलताना दर दोन-तीन मिनिटांनी मी या बाटलीतले पाणी पिणार आहे. व्यासपीठावर उभे राहिल्यामुळे घसा कोरडा पडतो, तसे हे नाही. माझ्या तोंडात लाळच फार कमी तयार होते. आजचा माझा विषय खरे म्हणजे या बाटलीचाच आहे.

मी डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन रेल्वेच्या रुळांवर नोकरी करणारा माणूस आहे. तेव्हा जे अंगावर आले आणि ते समजून घेण्यासाठी जे वाचले, विचारले, तेवढेच सांगणार आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर औषधोपचाराचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच घ्यायचा, हे आधीच स्पष्ट करतो.

२०२१ साली माझ्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला एक जखम झाली आणि ती भरेना. कारण शोधायला लांब जायला नको. मी मूळचा गोंदियाकडचा. खर्रा म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला सांगावे लागत नाही. रात्रीच्या ब्लॉकमध्ये झोप येऊ नये म्हणून सुरू झालेली सवय अठरा वर्षे टिकली. तपासणीत कर्करोग निघाला. त्या वर्षी गणपती विसर्जनानंतर नागपूरला शस्त्रक्रिया झाली. गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. त्याबरोबर डाव्या जबड्याखालची लाळग्रंथीही गेली. दिवाळीनंतर किरणोपचार सुरू झाले. आपल्याकडे लोक त्याला ‘शेक घेणे’ म्हणतात, इथली मंडळी ‘सिकाई’ म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन ग्रे, असे सहा आठवड्यांत तीस वेळा मिळून साठ ग्रे. तोंडावर जाळीदार प्लॅस्टिकचा साचा घट्ट बसवायचा आणि यंत्राखाली न हलता पडून राहायचे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचा दिवस झाला. साचा हातात घेऊन आम्ही नवरा-बायको बाहेर आलो. मी घरी फोन केला, “संपलं एकदाचं.”

मित्रहो, माझी पहिली चूक तिथेच झाली. संपले होते ते उपचार.

आपल्या खात्यात नवी लाईन वाहतुकीला खुली झाली की फोटो निघतात, पेढे वाटले जातात. पण रुळांवर काम करणाऱ्याला ठाऊक असते की त्याचे काम त्या दिवशी सुरू होते. कीमॅन रोज आपला टप्पा चालून बघतो, म्हणून गाडी धावते. माझ्या तोंडाचे आणि मानेचेही असेच होते, हे मला कुणी आधी सांगितले नाही असे म्हणणार नाही. सांगितले असेल, पण त्या वेळी फक्त ‘वाचणार ना?’ एवढेच ऐकू येत होते.

रेल्वेबाहेरच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. रुळांवर दोन प्रकारच्या वेगमर्यादा असतात. काम झाल्यावर काही दिवस गाडी हळू न्यावी लागते, मग हळूहळू वेग वाढवतात. ही तात्पुरती मर्यादा. दुसरी कायमची. तीव्र वळण असेल, जुना पूल असेल, तर तिथे गाडी नेहमीच हळू जाणार. किरणोपचारानंतरच्या त्रासाचेही असेच दोन भाग करता येतात. तात्पुरत्याला कायमचे समजले तर माणूस खचतो. कायमच्याला तात्पुरते समजून दुर्लक्ष केले तर नुकसान होते. माझ्याकडून दोन्ही झाले.

आधी तात्पुरते. शेकाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलल्यासारखे झाले. पाणीसुद्धा झोंबायचे. चव गेली. वरण-भात कागदासारखा लागे आणि गोड पदार्थ चिकणमातीसारखा. वजन अकरा किलो उतरले. मला वाटले, आता जन्मभर हेच. पण तोंडाच्या जखमा महिना-दीड महिन्यात भरल्या. चव मात्र सावकाश येते, काही महिने लागतात, काहींना वर्षही लागते. मला आंबट आधी कळू लागले, गोड सर्वांत शेवटी. या काळात ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी ‘खात का नाहीस?’ म्हणून रागावू नये. पेज, मऊ खिचडी, ताक-भात, नाचणीची आंबील, जे उतरेल ते थोडे थोडे द्यावे. मला सर्वांत मानवली ती इथली बासी, रात्री पाण्यात भिजवलेला भात, थोडे दही घालून. छत्तीसगडच्या मातीचे हे उपकार मी विसरणार नाही.

आता कायमच्या गोष्टी. पहिली लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, हे मला ती गेल्यावर कळले. कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथी ती तयार करतात, आणि किरणांपुढे या ग्रंथी फार नाजूक असतात. जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंच्या ग्रंथी किरणांत सापडत. आता आयएमआरटी नावाच्या पद्धतीत किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून कानापुढच्या ग्रंथी शक्य तेवढ्या वाचवतात. ब्रिटनमध्ये याची पारस्पोर्ट नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर बऱ्यापैकी त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीच्या ७४ टक्के रुग्णांत होता, तर नव्या पद्धतीच्या ३८ टक्के रुग्णांत. म्हणजे त्रास निम्म्यावर आला, पण शून्य झाला नाही. उपचारांपूर्वी ‘आमच्या रुग्णाच्या लाळग्रंथी वाचवता येतील का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. कधी आजाराच्या जागेमुळे ते शक्य नसते, पण विचारावे.

लाळ नसली की दुसरी गोष्ट येते, दात. लाळ दातांचे रक्षण करते. ती कमी झाली की दात हिरडीलगत झपाट्याने किडतात. म्हणून शेकापूर्वीच दातांची तपासणी करतात, वाचण्यासारखे नसलेले दात काढतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे देतात. माझे तीन दात तेव्हा काढले. पुढे फ्लोराइड जास्त असलेली पेस्ट डॉक्टरांनी लिहून दिली. ती जन्मभर वापरायची आहे.

इथे एक प्रसंग सांगतो. २०२३ मध्ये खालची दाढ ठणकू लागली. मी एका दवाखान्यात गेलो, खुर्चीवर बसलो, डॉक्टर म्हणाले काढून टाकू. मी मान डोलावली. बायको मागे उभी होती. ती म्हणाली, “डॉक्टर, ह्यांना तोंडाचे रेडिएशन झाले आहे, ते चालेल ना?” डॉक्टरांनी हातातले हत्यार खाली ठेवले. किरणे घेतलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथला दात उपटला तर जखम भरत नाही, हाड निर्जीव होऊ शकते, आणि हा धोका दोन-चार वर्षांनी संपत नाही. डॉक्टरांनी नागपूरला फोन करून विचारले, मुळाचा उपचार करून दाढ वाचवली. चूक डॉक्टरांची नव्हती, मी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या पाकिटात ओळखपत्रामागे एक चिठ्ठी असते. किरणोपचार कधी झाला, कुठल्या भागाला, किती ग्रे. प्रत्येक रुग्णाने अशी चिठ्ठी ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती.

तिसरी गोष्ट तोंड उघडणे. आता सर्वांनी एक करून बघा. हाताची मधली तीन बोटे एकत्र करून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. गेली? ज्यांची गेली नाहीत, आणि जे सुपारी, खर्रा, गुटखा खातात, त्यांनी उद्याच डॉक्टरांकडे जावे. सुपारीने गालाचे आतले अस्तर घट्ट होत जाते, आणि तो कर्करोगापूर्वीचा टप्पा असू शकतो.

किरणांनी जबड्याचे स्नायूही असेच आखडतात. पस्तीस मिलिमीटरपेक्षा कमी तोंड उघडत असेल तर डॉक्टर त्याला आजारच समजतात. उपचारांनंतर माझे तीस मिलिमीटर उघडत होते. व्यायाम सांगितला होता, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू संख्या वाढवायची. तीन महिने केला. मग ड्युटी सुरू झाली, बरे वाटत होते, सोडून दिला. पावसाळ्यानंतर एके दिवशी जेवताना चमचा आत जाईना. स्टीलची पट्टी लावली तर अठरा मिलिमीटर! ज्याने आयुष्यभर गेज मोजला, त्याने स्वतःचे तोंड सहा महिने मोजले नव्हते. तेव्हापासून रोज तीन वेळा व्यायाम आणि दर रविवारी वहीत नोंद. आज चौदा काड्या जातात, म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर. गमावलेले सगळे परत आले नाही. हा व्यायाम औषधासारखा रोज करायचा, एवढे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट गिळणे. घशाचे स्नायू ताठरले की घास किंवा पाणी चुकून श्वासनलिकेत जाते. कधी ठसका लागतो, कधी ठसकाही लागत नाही आणि थेट छातीत संसर्ग होतो. म्हणून वारंवार ताप-खोकला येत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ असतात. ते शेक चालू असतानाच सुरू करावेत. गिळण्याचे स्नायू किरणांपासून वाचवण्याचेही प्रयत्न होत आहेत, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत त्याचा फायदा दिसला आहे.

पाचवी गोष्ट माझ्या स्वप्नातही नव्हती, ती थायरॉईड. उपचारांनंतर दीड वर्षाने मला कमालीचा थकवा येऊ लागला. थंडी वाजे, कामात लक्ष लागेना. साइटवर ‘साहेब आता आळशी झाले’ अशी कुजबूज कानावर आली. घरच्यांना वाटले मन खचले, मला वाटले आजार परतला. भीतीने महिनाभर मी डॉक्टरांकडेच गेलो नाही. शेवटी रक्त तपासले तर थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले होते. मानेला किरणे घेतलेल्यांमध्ये हे बरेचदा होते. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही साधी रक्ततपासणी करायची असते. रोज सकाळी एक गोळी, आणि दोन महिन्यांत मी माणसात आलो. एका साध्या तपासणीने टळले असते ते महिने मी मृत्यूच्या भीतीत काढले.

आता जे सांगायचे म्हणून मी इथे उभा राहिलो, ते सांगतो.

२०२३ च्या गणपतीनंतर मी तपासणीला नागपूरला गेलो. शिवनाथ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी रुग्णालयात बसलो होतो. एक तरुण मुलगी कागद घेऊन आली. म्हणाली, “काका, हा फॉर्म भराल का?” कर्करोगाच्या रुग्णांचे जीवनमान कसे आहे हे मोजण्यासाठी युरोपातल्या एका संशोधन संस्थेने प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. एक सर्व रुग्णांसाठी तीस प्रश्नांची आणि दुसरी डोके-मानेच्या रुग्णांसाठी पस्तीस प्रश्नांची. या दुसरीची पुढे त्रेचाळीस प्रश्नांची सुधारित आवृत्तीही निघाली. मला दिलेला फॉर्म मराठीत होता. गेल्या आठवड्यात काय काय त्रास झाला याची बहुतेक उत्तरे चारपैकी एक निवडून द्यायची, अजिबात नाही पासून खूप पर्यंत. कोरडेपणा, दात, तोंड उघडणे, फोनवर बोलणे, सगळे होते. मी भराभर खुणा करत गेलो. मग एक प्रश्न आला, घरच्यांसमोर जेवताना त्रास होतो का? आणि लगेच दुसरा, इतर लोकांसमोर जेवताना होतो का?

दुसऱ्यावर मी ‘खूप’ अशी खूण केली. पहिल्यावर ‘अजिबात नाही’. बायको शेजारी बसून बघत होती. ती हळू आवाजात म्हणाली, “अहो, मग दोन वर्षं तुम्ही आमचं झाल्यावर एकटे का जेवता?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. जेवताना माझ्या डाव्या ओठातून पातळ पदार्थ गळतो आणि मला तो कळत नाही. प्रत्येक घासाला पाणी लागते. एक पोळी संपायला पाऊण तास. मुलांनी ते बघू नये म्हणून मी उशिरा जेवत होतो, आणि मुलांनी त्याचा अर्थ बाबांना आपण नकोसे झालो असा घेतला होता. ‘खूप’ आणि ‘अजिबात नाही’ या दोन खुणांच्या मध्ये माझे घर अडकले होते. मी पहिली खूण खोडली आणि तिथेही ‘खूप’ लिहिले. त्या रात्री परतीच्या गाडीत दोन वर्षांनी आम्ही एका डब्यातून जेवलो.

आता आपल्या सर्वांचा मुद्दा. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मी आरतीला आलो, पण महाप्रसादाला थांबलो नाही. काहींना तो माझा अहंकार वाटला, काहींना वाटले आजार बळावला. खरे कारण आग्रह. आपण मराठी माणसे, त्यातून परमुलखात राहणारी. पंगतीत आग्रह झाला नाही तर आपल्याला घरचे वाटत नाही. पण माझ्यासारख्याच्या पानात कुणी प्रेमाने आणखी एक पुरी टाकली की घाम फुटतो. ती संपवायला अर्धा तास लागणार, पंगत उठणार, सगळे बघणार. ‘नको’ म्हटले तर ‘अजून बरा नाही वाटतं!’

त्यानंतरच्या वर्षी काय झाले ते काहींना आठवत असेल. मंडळातल्या एका काकूंनी मला मंडपाबाहेर गाठले. ‘कसा आहेस?’ विचारले नाही, ‘बिचारा’ म्हटले नाही. विचारले, “बाळा, तुला काय उतरतं?” मी म्हणालो, पातळ असेल ते. त्यांनी एका वाटीत उकडीचा मोदक कुस्करला, वर कोमट दूध आणि चांगले दोन चमचे साजूक तूप घातले आणि पंगतीच्या टोकाला, भिंतीकडची जागा दिली. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि निघून गेल्या. कुणी बघत उभे राहिले नाही. मी वाटी पूर्ण खाल्ली. गोड लागले.

एवढेच मागणे आहे. असा रुग्ण आपल्यात असेल, आणि या शहरात आहेत, तर त्याला ‘पूर्ण बरा झालास ना?’ असे विचारू नका. काही गोष्टी पूर्ण बऱ्या होत नाहीत आणि त्या सांगण्याची त्याला लाज वाटते. ‘काय उतरतं, कुठे बसतोस, घाई नाही ना?’ असे विचारा. फोनवर त्याचे बोलणे अस्पष्ट आले तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा, पण त्याच्याऐवजी दुसऱ्याला फोनवर बोलावू नका. ब्लॉक सुटल्याचा निरोप देताना आपले स्टेशन मास्तर मला तीन-तीनदा विचारायचे. मी काही महिने ऑफिसच्या कामावर गेलो होतो, पण बोलण्याच्या व्यायामाने आणि त्यांच्या संयमाने परत लाईनवर आलो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी आणि नंतरच्या तपासणीसाठीही भाड्यात सवलत असते. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाला पूर्ण, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. आपल्याला पास असतो, पण आपल्या गावाकडच्या नातेवाइकांना हे ठाऊक नसते. त्यांना सांगा. तपासण्या चुकवू नका. आजार परतायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो.

आणि शेवटचे, ज्यांना अजून काही झालेले नाही त्यांच्यासाठी. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. आपल्याकडचा खर्रा आणि मिश्री, इथला गुडाखू, सगळ्यांत तंबाखू आहे. गुडाखू तर आपल्या वसाहतीत कामाला येणाऱ्या बायकाही दातांना लावतात. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम डॉक्टरांना दाखवा. माझी जखम मी तीन महिने लपवली. लवकर गेलो असतो तर कदाचित शस्त्रक्रियेवरच भागले असते, आणि आज या बाटलीशिवाय बोललो असतो.

 आजच्या महाप्रसादाला मी थांबणार आहे. भिंतीकडची जागा राखून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!